जुन्या ट्रॅक्टरच्या मॅन्युअल स्टिअरिंगचा प्ले काढूनही पुन्हा का येतो

मॅन्युअल स्टिअरिंगच्या जुन्या ट्रॅक्टरबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी असते: स्टिअरिंगला प्ले (चाके न वळता व्हील रिकामेच हलणे) आला म्हणून स्टिअरिंग बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला, काही दिवस बरे गेले, आणि महिन्याभरात प्ले होता तेवढाच पुन्हा झाला. काही ट्रॅक्टरांवर हा स्क्रू इतक्या वेळा आवळलेला असतो की त्याच्या चेकनटचे (स्क्रू जागेवर पक्का धरणाऱ्या नटाचे) कोपरे झिजून गोल झालेले दिसतात. शेवटी दुखणे दुहेरी होऊन बसते. सरळ चालताना स्टिअरिंग सैल लागते आणि शेताच्या टोकाला वळवताना मात्र दोन्ही हातांनी ओढावे लागेल इतके जड होते. माझ्या स्वतःच्या ट्रॅक्टरच्या बाबतीत एकाच हंगामात तीन वेळा असे झाले आणि तिसऱ्या खेपेला जे कारण सापडले, त्यानंतर मी या कामाचा क्रमच बदलला. तोच क्रम इथे कारणांसह मांडत आहे. प्ले नेमका कोणत्या जोडातून येतो हे सापडल्याशिवाय बॉक्सच्या स्क्रूला पाना लावू नये, कारण तो स्क्रू फक्त बॉक्सच्या आतल्या एका जागेचा प्ले काढतो. बाकीच्या आठ-दहा जोडांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, आणि त्यांचा दोष त्याच्या माथी मारला की बॉक्स तेवढा लवकर झिजतो.

एका मिलिमीटरचे पंचवीस मिलिमीटर

हातातल्या व्हीलपासून पुढच्या चाकापर्यंतची साखळी आधी नजरेसमोर असावी. व्हील शाफ्टच्या खाचांवर बसते, शाफ्टच्या खालच्या टोकाला वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा भाग) असतो, वर्मवर नट चढ-उतार करतो (बहुतेक जुन्या बॉक्समध्ये या नटात छर्रे फिरत असतात), नटाला सेक्टर शाफ्टचे दाते लागलेले असतात, सेक्टर शाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकावर ड्रॉप आर्म असतो, ड्रॉप आर्म ड्रॅग लिंक या दांड्याला मागे-पुढे ढकलतो, ड्रॅग लिंक स्पिंडलवरच्या (चाक ज्यावर बसते त्या भागावरच्या) स्टिअरिंग आर्मला फिरवते आणि टाय रॉड ती हालचाल दुसऱ्या बाजूच्या चाकाला पोहोचवतो. काही ट्रॅक्टरांत बॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक ड्रॉप आर्म असतो आणि दोन्हीकडून स्वतंत्र ड्रॅग लिंक जातात. तिथे आडवा टाय रॉड नसतो आणि दोन चाकांचा एकमेकांशी संबंध बॉक्सच्या आतल्या दात्यांतूनच येतो. आपला ट्रॅक्टर यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहून घ्यावे, कारण पुढच्या काही तपासण्या त्यावर अवलंबून आहेत.

या साखळीत हाताची ताकद चाकाकडे जाताना वाढते, पण चाकाकडचा ढिलेपणा हाताकडे येताना त्याच पटीत वाढतो, आणि ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. समजा व्हीलचा व्यास ४५० मिमी आहे, म्हणजे त्रिज्या २२५ मिमी. ड्रॉप आर्मची लांबी १८० मिमी आहे आणि बॉक्सचे गुणोत्तर २०:१ आहे, म्हणजे व्हील २० अंश फिरले की ड्रॉप आर्म १ अंश फिरतो. मग ड्रॉप आर्मच्या टोकाशी असलेला १ मिमी ढिलेपणा व्हीलच्या कडेवर २२५ भागिले १८० गुणिले २०, म्हणजे २५ मिमी होऊन दिसतो. बॉल जॉइंटमधला (दांड्यांच्या टोकांच्या गोळीच्या जोडातला) अर्धा मिलिमीटर डोळ्यांना जवळजवळ दिसतही नाही, पण असे चार जोड एकत्र आले की व्हीलच्या कडेवर ५० मिमीचा प्ले तयार होतो आणि बॉक्समध्ये तसूभरही दोष नसताना सगळे बोट बॉक्सकडे दाखवतात. मॅन्युअल स्टिअरिंगचा प्ले शून्य कधीच नसतो. तो किती चालतो हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तोच आकडा प्रमाण मानावा.

डोळ्यांआधी बोटांनी शोध

ट्रॅक्टर सपाट व टणक जागेवर, चाके सरळ ठेवून उभा करावा, इंजिन बंद करावे, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. एक माणूस सीटवर बसून व्हील डावीकडे-उजवीकडे हलवेल, पण पुढची चाके फिरवण्याइतके नाही; चाकाचा विरोध जाणवू लागला की लगेच उलट दिशेला यायचे, साधारण सेकंदाला एकदा या गतीने. दुसरा माणूस खाली बसून एकेक जोड तपासेल. सुरुवातीला मी इथे टॉर्च घेऊन नुसता बघत बसत असे आणि अर्धे दोष त्यामुळे निसटत. बोटाचे टोक जोडाच्या दोन्ही भागांवर एकाच वेळी टेकेल असे ठेवावे, म्हणजे अर्धे बोट ड्रॅग लिंकच्या डोक्यावर आणि अर्धे आर्मवर. दोन्ही भाग एकत्र हलत असतील तर बोटाखाली काहीच जाणवत नाही. एक आधी आणि दुसरा मागून हलत असेल तर तो फरक कातडीला अगदी स्पष्ट कळतो, डोळ्याला दिसण्याच्या कितीतरी आधी. मात्र सीटवरच्या माणसाने सांगितल्याशिवाय व्हील पूर्ण फिरवायचे नाही हे आधी ठरवून घ्यावे, नाहीतर बोट चिमटण्याचा धोका राहतो.

या पद्धतीने बॉल जॉइंट सर्वांत आधी पाहावेत. ज्या जॉइंटचा रबरी बूट फाटलेला आहे त्यात माती गेलेली असते आणि माती ग्रीसमध्ये मिसळली की ती पॉलिश पेपरसारखे काम करते. पाण्याच्या पंपाला वापरतात तसल्या मोठ्या पकडीने जॉइंट दाबून पाहावा. तो वर-खाली दबत असेल तर बदलावा. काही जुन्या ड्रॅग लिंकमध्ये बंद बॉल जॉइंट नसतो, त्याऐवजी स्प्रिंग, दोन वाट्या आणि टोकाला आट्यांचा प्लग असतो. तो प्लग पूर्ण आवळून, मग स्प्लिट पिनचे पहिले भोक जुळेपर्यंत मागे सोडायचा असतो. तो पूर्ण आवळलेलाच ठेवला तर स्टिअरिंग जड होते आणि वाटी फुटते.

जॉइंट काढताना नट सैल करून आर्मच्या डोळ्यावर (जॉइंटची पिन बसते त्या भोकाच्या कडेवर) एका बाजूला जड हातोडा टेकवावा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने नेमका ठोका द्यावा; डोळा क्षणभर दबतो आणि टेपर (पिनचा निमुळता भाग) सुटतो. पिनच्या आट्यांवर थेट मारू नये. नवा जॉइंट बसवताना टेपर आणि डोळा कोरडा, स्वच्छ पुसलेला हवा. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढच्या भोकापर्यंत आवळावा, मागे कधीही सोडू नये. मागे सोडलेला नट हे टेपर हळूहळू हलण्याचे आणि भोक लंबगोल होण्याचे कारण ठरते, आणि लंबगोल झालेल्या डोळ्यात कितीही नवा जॉइंट घातला तरी तो टिकत नाही.

पुढचे चाक उचलून

पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलता असतो, त्यामुळे जॅकवर उचलल्यावर तो एका बाजूला कलंडू शकतो. म्हणून एक्सल आणि पुढचा सपोर्ट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचर घट्ट ठोकावी, एक्सलखाली मजबूत स्टँड द्यावा आणि केवळ जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. मग चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवून पाहावे. चाक हलले तर ते कुठे हलते ते ठरवायला दुसऱ्या माणसाने हब आणि स्पिंडल यांच्या मधली फट पाहावी. हब हलतो आणि स्पिंडल स्थिर राहतो असे असेल तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये आहे. स्पिंडलही हबबरोबर हलत असेल आणि एक्सलचा बीम स्थिर असेल तर किंग पिन (स्पिंडल जिच्यावर वळतो ती उभी पिन) किंवा स्पिंडलचा बुश (पिनभोवतीची नळी) गेला आहे.

हबच्या बेअरिंगचे काम सोपे आहे. चाक फिरवत राहून नट आवळायचा, थोडे जड लागू लागले की स्प्लिट पिनच्या जवळच्या खाचेपर्यंत मागे सोडायचा, आणि चाक मोकळे फिरते पण हलत नाही याची खात्री करायची. किंग पिनचे बुश बदलणे मात्र घाईचे काम नाही. नवा बुश दाबून बसवल्यावर त्याचे आतले माप किंचित कमी होते, म्हणून त्यात रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवून पिन हाताने सरकेल पण डगमगणार नाही असा मेळ घालावा लागतो. वरचा आणि खालचा असे दोन बुश असतील तर दोन्ही एका सरळ रेषेत रीम व्हावे लागतात, त्यासाठी लांब पायलटचा रीमर लागतो. घासपेपर गुंडाळून बुश मोठा केला तर पिन फक्त दोन-तीन ठिकाणी टेकते आणि काही आठवड्यांत पुन्हा प्ले येतो. हे काम लेथच्या कारागिराकडून करून घेणे मला नेहमीच शहाणपणाचे वाटते.

एक्सलच्या मधल्या पिनचा बुशही याच वेळी तपासावा. तिथला ढिलेपणा स्टिअरिंगच्या प्लेसारखा हाताला जाणवत नाही, पण खड्ड्यातून जाताना एक्सल मागे-पुढे सरकतो, ड्रॅग लिंक ओढली जाते आणि ट्रॅक्टर आपोआप एका बाजूला धाव घेतो.

दोन ड्रॉप आर्मच्या ट्रॅक्टरवर आणखी एक तपासणी आहे. दोन्ही पुढच्या चाकांची समोरची कडा धरून दोन माणसांनी ती एकमेकांपासून दूर ढकलावी आणि मग जवळ ओढावी. जॉइंट आणि बुश चांगले असूनही चाके उघडझाप करत असतील तर बॉक्सच्या आतल्या दोन सेक्टरच्या दात्यांमध्ये झीज आहे.

जे जोड हलायला नको, तेच हलतात

माझ्या ट्रॅक्टरचे कारण इथे सापडले, म्हणून या भागावर थोडे थांबतो. पहिल्या खेपेला मी दोन्ही बॉल जॉइंट बदलले, दुसऱ्या खेपेला किंग पिनचे बुश बदलले आणि बॉक्सचा स्क्रूही थोडा आवळला. प्रत्येक वेळी काही दिवस प्ले कमी झाला आणि मग परत आला. तिसऱ्या वेळी खाली बसून जोड तपासताना हात टेकायला म्हणून मी बॉक्सच्या फ्लँजवर (बोल्टने आवळल्या जाणाऱ्या कडेवर) बोटे ठेवली आणि बोटाखाली अगदी बारीक हालचाल जाणवली. फ्लँज आणि खालचे हाउसिंग यांच्या सांध्यावर रंगाला केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यातून तांबूस, ओलसर भुकटी बाहेर आली होती. दोन लोखंडी भाग एकमेकांवर सतत बारीक घासले की अशी भुकटी सुटते. ती दिसली की तो सांधा हलतो आहे हे नक्की समजावे.

पाना लावला तर चारही बोल्ट घट्ट! म्हणून मी एक बोल्ट काढला, आणि त्याच्या टोकावर नाण्यासारखा चकचकीत गोल डाग दिसला. आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत मूळच्या बोल्टपेक्षा थोडे लांब बोल्ट घातले गेले होते. हाउसिंगमधली भोके आरपार नव्हती, त्यामुळे बोल्टचे टोक भोकाच्या तळाला जाऊन टेकत होते, पान्याला घट्ट लागत होते आणि फ्लँजवर मात्र दाब पडतच नव्हता. बॉक्स ०.३ मिमी उचलत असेल, त्यापेक्षा जास्त नाही. पण फ्लँजची बैठक १५० मिमी आणि ड्रॉप आर्मचे टोक तिच्या खाली ३०० मिमी धरले तर ०.३ चे ०.६ मिमी होतात, आणि वरच्या हिशेबाने व्हीलच्या कडेवर त्याचे १५ मिमी होतात. शिवाय बॉक्स असा डुलत राहिल्याने प्रत्येक जॉइंटला धक्के बसत होते, म्हणून नवे जॉइंटही लवकर सैल होत होते.

दुरुस्ती अशी केली: बॉक्स उतरवून दोन्ही पृष्ठभागांवरचे जुने गॅस्केट, रंग आणि भुकटी पूर्ण खरवडून काढली, भोकांच्या आट्यांतून टॅप फिरवून तळाची घाण हवेने उडवली, भोकाची खोली सळईने मोजून, ती खोली अधिक फ्लँजची जाडी यांपेक्षा तीन मिलिमीटर आखूड होतील असे, योग्य ग्रेडचे बोल्ट घेतले, जागा नेमकी ठेवणाऱ्या डॉवेल पिन नव्या बसवल्या आणि बोल्ट आडवे-तिडवे क्रमाने टॉर्क पान्याने आवळले. बॉक्सचा स्क्रू त्या दिवशी मी मागे सोडला, आवळला नाही. तो प्ले त्यानंतर परत आलेला नाही.

ड्रॉप आर्म आणि सेक्टर शाफ्टचा सांधाही याच जातीचा आहे. आर्म खाचांवर बसतो आणि मोठ्या नटाने घट्ट राहतो. नट एकदा सैल राहून ट्रॅक्टर चालला असेल तर आर्मच्या खाचांची धार जाते, आणि मग नट कितीही आवळला तरी काही तासांनी सांधा पुन्हा हलू लागतो. बोट शाफ्टच्या टोकावर आणि आर्मवर एकत्र टेकवले की हे कळते. झिजलेला आर्म बदलावा. आर्म शाफ्टला वेल्डिंग करून टाकणे हा उपाय नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्टचे पाणी (कठीणपणा) उतरते, तो कधी तुटेल याचा भरवसा राहत नाही, आणि स्टिअरिंगचा भाग चालत्या ट्रॅक्टरवर तुटणे म्हणजे जिवाशी गाठ आहे. हीच गोष्ट वाकलेली ड्रॅग लिंक गरम करून सरळ करण्याबद्दल आणि आर्मला पट्टी जोडण्याबद्दलही आहे.

आर्म काढण्यापूर्वी शाफ्ट आणि आर्म दोन्हीवर छिन्नीने एकाच रेषेत खूण करावी. आर्म एक खाच पुढे-मागे बसला तर एका बाजूला चाक कमी वळते आणि बॉक्स टोकाला जाऊन आदळतो. आर्म ओढण्यासाठी पुलरच वापरावा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर तो ठोका आतल्या दात्यांवर आणि छर्ऱ्यांवर जातो, छर्रे फिरतात त्या खोबणीवर त्यांचे बारीक खळगे उठतात आणि नंतर व्हील फिरवताना खटखट जाणवत राहते. वरचे व्हील काढतानाही हाच नियम पाळावा. व्हीलच्या हबला चीर गेलेली आहे का आणि कॉलमच्या वरच्या टोकाचा बुश शाबूत आहे का हे जाता जाता पाहून घ्यावे.

आता बॉक्स

एवढे सगळे झाल्यावरही प्ले उरला तरच बॉक्सकडे यावे. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवावी, म्हणजे बॉक्स एकटा उरतो आणि त्याची खरी स्थिती हाताला कळते. व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवून फेरे मोजावेत आणि निम्म्यावर आणून थांबावे. तो बॉक्सचा मध्य. टोकाला व्हील आदळू देऊ नये, कारण छर्ऱ्यांच्या परतीच्या नळ्या त्याने चेपतात. ड्रॉप आर्म हाताने हलवून पाहावा आणि व्हील मध्याच्या दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे.

चांगला बॉक्स मध्यावर थोडासा आवळ लागतो आणि दोन्ही बाजूंना मोकळा होत जातो. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो, कारण ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळ चालतो आणि झीज मध्यावरच जास्त होते. म्हणून स्क्रू नेहमी बॉक्स मध्यावर असतानाच आवळायचा असतो. चाके वळलेली असताना आवळला तर तिथे प्ले गेलेला वाटतो, पण मध्यावर येताच दाते एकमेकांवर चढतात, स्टिअरिंग अडकते आणि दात्यांचा वरचा कठीण थर निघून जातो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्लेचे हे फार मोठे कारण आहे असे माझे मत झाले आहे. बॉक्स मध्यावर सैल आणि दोन्ही टोकांकडे आवळ लागत असेल तर वर्म आणि दाते मध्यावर झिजले आहेत. अशा बॉक्सला स्क्रूचा उपयोग नाही. त्याला नवे भाग लागतात.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी वर्मच्या बेअरिंगचा उभा प्ले काढायचा आणि मगच सेक्टरचा. व्हील धरून वर-खाली ओढून पाहावे. शाफ्ट उभा सरकत असेल तर कॉलमच्या किंवा कव्हरच्या खालच्या पातळ शिमांपैकी (पत्र्याच्या चकत्यांपैकी) एकेक काढून तो प्ले घालवावा. शाफ्ट हलका पण किंचित भार घेऊन फिरला पाहिजे, सेक्टरचा स्क्रू त्या वेळी पूर्ण मागे सोडलेला हवा. वर्म सरकत असताना सेक्टर कितीही आवळला तरी ते रिकाम्या भांड्यावर झाकण दाबण्यासारखे आहे. त्यानंतर बॉक्स मध्यावर आणून चेकनट सैल करायचा, स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आत घ्यायचा आणि दर वेळी व्हील पूर्ण फिरवून पाहायचे. ड्रॉप आर्मचा प्ले गेला आणि मध्यावर हलका आवळ जाणवला की तिथेच थांबून स्क्रू धरून ठेवून चेकनट आवळावा, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा तपासावे, कारण चेकनट आवळताना स्क्रू बरोबर फिरतो. काही बॉक्समध्ये स्क्रूऐवजी बाजूच्या कव्हरखालच्या शिमा असतात. तत्त्व तेच आहे.

बॉक्स उघडावा लागला तर बऱ्याच ट्रॅक्टरांवर आधी बॅटरीची तार सोडून मग टाकी आणि मीटरचे पॅनेल काढावे लागते, याची तयारी ठेवावी. उघडताना खाली पसरट ट्रे आणि पांढरे कापड घालावे. नट शाफ्टवरून स्वतःच्या वजनाने टोकाकडे घसरू देऊ नये. छर्रे मोजून ठेवावेत आणि दोन बाजूंचे छर्रे वेगवेगळ्या वाटीत ठेवावेत. एकही छर्रा खरवडलेला किंवा काळवंडलेला दिसला तर पूर्ण संच बदलावा. नवे-जुने मिसळले तर माप किंचित मोठे असलेले थोडेच छर्रे सगळा भार घेतात आणि आधी तेच फुटतात. वर्मच्या खोबणीवरून नख फिरवावे. नख अडखळले, म्हणजे गंजाचे खड्डे आहेत, आणि त्या वर्मवर नवे छर्रे घालणे वाया जाते. जुळवताना छर्रे ग्रीसच्या थराने जागेवर धरून ठेवता येतात.

ऑइल, ग्रीस आणि परत गळणारे सील

सील गळते म्हणून बॉक्समध्ये ग्रीस भरण्याची पद्धत फार पसरलेली आहे आणि ती नुकसानीची आहे. ज्या बॉक्ससाठी गिअर ऑइल सांगितलेले आहे त्यात दाते फिरताना ग्रीस बाजूला सरकते आणि तिथेच थांबते. ऑइलसारखे परत वाहून येत नाही, त्यामुळे वर्म आणि छर्रे कोरडे चालतात. बहुतेक जुन्या बॉक्सना ९० नंबरचे गिअर ऑइल लागते, तरी पुस्तिकेत पाहूनच घालावे. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे. ट्रॅक्टर पावसात उघड्यावर राहिला की पाणी कॉलमच्या वरच्या टोकातून शाफ्टच्या कडेने खाली उतरते, म्हणून नुसते ऑइल न बदलता वरचा रबरी किंवा फेल्टचा सीलही बदलावा.

सेक्टर शाफ्टचे ऑइल सील बदलूनही पुन्हा गळत असेल तर सील बदलण्याआधी शाफ्ट हाताने आडवा हलवून पाहावा. तो हलत असेल तर आतला बुश गेलेला आहे, आणि डगमगत्या शाफ्टवर कोणतेही सील टिकत नाही. बुश बदलला की गळतीही थांबते आणि प्लेचाही मोठा भाग जातो. शाफ्टवर सीलच्या ओठाने खाच पाडलेली असेल तर सील थोडे आत किंवा बाहेर बसवून ओठ गुळगुळीत भागावर येईल असे पाहावे.

प्ले नाही, पण जड आहे

जडपणा नेहमी बॉक्सचा नसतो. आधी पुढच्या टायरची हवा पाहावी. मग ड्रॅग लिंक सोडवून आणि चाके उचलून स्पिंडल हाताने फिरवावेत. तेही जड फिरत असतील तर बहुधा स्पिंडलचे थ्रस्ट बेअरिंग किंवा वॉशर कोरडे पडले आहे. चाक जमिनीवर असताना ग्रीस गन मारली तर ट्रॅक्टरच्या वजनाने दाबलेल्या त्या फटीत ग्रीस शिरत नाही. चाक उचलून, स्पिंडल दोन्हीकडे फिरवत ग्रीस मारावे आणि जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत मारत राहावे. एवढ्यानेच पुष्कळ ट्रॅक्टर हलके होतात.

शेवटचे माप

जॉइंट, टाय रॉड किंवा ड्रॅग लिंक बदलली की टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली असणे) तपासणे टाळू नये. चाके सरळ ठेवून, हबच्या उंचीवर दोन्ही टायरच्या मध्यावर समोरच्या बाजूला खडूने खूण करावी आणि अंतर मोजावे. मग ट्रॅक्टर चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतका पुढे ढकलावा, म्हणजे त्याच खुणा मागे त्याच उंचीवर येतात, आणि पुन्हा मोजावे. समोरचे अंतर मागच्यापेक्षा पुस्तिकेत दिलेल्या थोड्या मिलिमीटरनी कमी हवे. टाय रॉड नसलेल्या ट्रॅक्टरवर दोन्ही ड्रॅग लिंक सारख्याच फेऱ्यांनी कमी-जास्त कराव्यात, नाहीतर बॉक्स मध्यावर असताना चाके सरळ राहत नाहीत आणि आवळ असलेला मध्य सरळ चालण्याच्या जागी येतच नाही.

काम संपल्यावर प्रत्येक नट आणि त्याखालच्या भागावर मी ऑइल पेंटची एक बारीक रेघ ओढतो. दहा तास काम केल्यावर ट्रॅक्टरखाली बसून रेघा पाहायच्या. रेघ तुटून सरकलेली असेल तर तो नट फिरला आहे. रेघ सरळ असूनही तिच्या बाजूला तांबूस भुकटी दिसली, तर नट घट्ट आहे पण सांधा हलतो आहे, आणि तो त्याच दिवशी खोलावा.